‘त्र्यंबकेश्वर’मध्ये अक्षरे किती? मराठी अक्षर संगणकात कसे साठते ते हाताने करून पाहा

आमच्याकडे डीटीपीच्या कामाला नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारतो: ‘त्र्यंबकेश्वर’मध्ये अक्षरे किती? नाशिकच्या पोराने हा शब्द एसटीच्या पाटीवर लहानपणापासून वाचलेला असतो. ते बोटांवर मोजते आणि सांगते, पाच. त्र्यं, ब, के, श्व, र. शाळेच्या हिशेबाने उत्तर बरोबर आहे. संगणकाच्या हिशेबाने मात्र तेरा.

पाचाचे तेरा कसे झाले ते एकदा कळले की पुढचे निम्मे काम सोपे होते. पत्रिकेत भलतीकडे गेलेला रफार, मोबाइलवर उमटलेले चौकोनी डबे, यादीत असूनही न सापडणारे नाव, या सगळ्यांची उत्तरे तिथेच आहेत. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रे ऑफिसचे कॅल्क, यांपैकी काहीही चालेल. वाचत जाऊ नका, शेजारी शीट उघडून करत जा.

पायरी १: कीबोर्ड

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर जाऊन मराठी जोडा. तिच्याबरोबर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड येतो. शेजारी फोनेटिकचाही पर्याय दिसेल, आणि इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारा तो कीबोर्ड तुम्हाला सोपाही वाटेल. पण शिकायचे असेल तर निदान आठवडाभर इन्स्क्रिप्टच वापरा. फोनेटिक तुमच्या मनातले ओळखून परस्पर जोडाक्षर बनवून देतो, त्यामुळे आत काय झाले ते दिसतच नाही. इन्स्क्रिप्ट काही लपवत नाही. एक कळ दाबली की एकच चिन्ह साठते. शिफ्ट धरून वरच्या ओळीतून निघणारी काही तयार जोडाक्षरे सोडली तर हा नियम कुठे मोडत नाही.

आता ‘त्र्यंबकेश्वर’ टाइप करा. कळा अशा: एल (त), डी (पाय मोडा), जे (र), पुन्हा डी, मग उजवीकडची तिरक्या रेघेची कळ (य), एक्स (अनुस्वार), वाय (ब), के (क), एस (मात्रा), शिफ्ट धरून एम (श), डी, बी (व), जे. शिफ्ट सोडून मोजल्यात तर तेरा कळा झाल्या. तुम्ही आत्ता जे दाबलेत तेच संगणकाने साठवले, त्याच क्रमाने.

पायरी २: शब्दाची चिरफाड

शब्द ए१ या खान्यात ठेवा. बी१ मध्ये बरोबरचे चिन्ह, लेन, आणि कंसात ए१ असे सूत्र लिहा. (सूत्रांची नावे इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, इथे मी त्यांचा उच्चार लिहितोय.) उत्तर १३ आले पाहिजे. १४ आले तर शब्दाच्या शेवटी मोकळी जागा चिकटली असेल. दुसरीकडून कॉपी-पेस्ट केला असेल तर एखादे न दिसणारे चिन्हही आत बसलेले असू शकते. त्याबद्दल पुढे बोलू.

आता ‘मिड’ हे सूत्र वापरून एकेक तुकडा बाहेर काढा: मिड, कंसात ए१, स्वल्पविराम, तुकड्याचा क्रमांक, स्वल्पविराम, १. प्रत्येक तुकड्याशेजारी ‘युनिकोड’ हे सूत्र लावा. ते त्या चिन्हाचा युनिकोडमधला, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीतला, क्रमांक सांगते. तेरा ओळी अशा उतरतील: त २३४०, पाय मोडा २३८१, र २३५२, पाय मोडा २३८१, य २३५१, अनुस्वार २३०६, ब २३४८, क २३२५, मात्रा २३७५, श २३५८, पाय मोडा २३८१, व २३५७, र २३५२.

संगणकाजवळ एवढेच असते, तेरा आकडे. ‘त्र्यं’ नावाचे अक्षर त्याच्याजवळ कुठेही ठेवलेले नाही. जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. वर्णमालेत मानाने शेवटी बसणाऱ्या ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’लाही नाहीत. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडा, ष. ‘ज्ञ’ म्हणजे ज, पाय मोडा, ञ.

पाय मोडण्याचे चिन्ह का लागते? क्रमांक २३२५ म्हणजे पूर्ण ‘क’, त्याच्या पोटात ‘अ’ धरलेलाच आहे. व्याकरणाच्या पुस्तकात आधी व्यंजन आणि मग त्यात स्वर मिसळलेला, असे शिकवतात. इथे उलटे आहे. स्वर आधीच आत असतो, तो नको असेल तर पाय मोडून काढायचा. काना, वेलांटी, उकार आल्यावर तो ‘अ’ आपोआप बाजूला होतो, तिथे पाय मोडावा लागत नाही.

तुकडे बाहेर काढताना मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडा यांच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसले असेल. घाबरू नका. या चिन्हाला टेकायला अक्षर लागते आणि ते सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ. हेच वर्तुळ छापायच्या मजकुरात दिसले तर मात्र कुठेतरी मात्रा दोनदा पडली आहे किंवा अनाथ झाली आहे असे समजा.

उलटा प्रयोगही करून पाहा. ‘युनिकॅर’ (यू-एन-आय-सी-एच-ए-आर) सूत्राला २३२५ द्या, ‘क’ मिळेल. देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत एकूण १२८ जागा दिलेल्या आहेत. सूत्र खाली ओढलेत की अख्खी बाराखडीची शिदोरी समोर येते. त्यात मराठीला न लागणारीही बरीच चिन्हे दिसतील, कारण देवनागरी काही आपल्या एकट्याची नाही.

पायरी ३: दिसणे वेगळे, असणे वेगळे

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, आणि दिसणे हे फॉन्टचे काम आहे.

‘नाशिक’ घ्या. कागदावर लिहिताना पुष्कळ जण ‘शि’ची वेलांटी आधी काढतात. डोळ्यांनाही ती ‘श’च्या डावीकडे दिसते. पण चिरफाड केलीत तर क्रम न, काना, श, पहिली वेलांटी, क असा निघेल. आधी ‘श’ उच्चारला जातो, मग ‘इ’. वेलांटी उचलून डावीकडे नेऊन ठेवण्याचे काम पडद्यावर दाखवताना होते. साठवलेल्या आकड्यांना कोणी हात लावत नाही.

रफाराचे असेच, फक्त दिशा उलटी. त्र्यंबकच्या ‘कुशावर्त’ तीर्थाचे नाव टाइप करा. रफार ‘त’च्या डोक्यावर बसलेला दिसतो, पण साठवलेला असतो ‘त’च्या आधी: व, र, पाय मोडा, त. खरे तर ‘र’ हा या सगळ्या प्रकरणातला बहुरूपी. ‘रामकुंड’मध्ये सरळ उभा, ‘कुशावर्त’मध्ये डोक्यावर, ‘द्राक्ष’मध्ये तिरकी रेघ होऊन पोटाशी, ‘ट्रक’मध्ये टोपी होऊन पायाशी. चारही ठिकाणी क्रमांक २३५२ हाच. पाय मोडा त्याच्या आधी आहे की नंतर, आणि शेजारी कोण आहे, यावरून फॉन्ट त्याचे रूप ठरवतो.

बॅकस्पेसच्या वागण्याचेही कोडे इथे सुटते. ‘त्र्यं’च्या पुढे कर्सर ठेवून बॅकस्पेस दाबलात तर बहुतेक ठिकाणी फक्त अनुस्वार जातो, मग य, मग पाय मोडा. त्याच ‘त्र्यं’च्या आधी कर्सर ठेवून डिलीट कळ दाबलीत तर ते बहुधा एका फटक्यात साफ होते. बॅकस्पेस आकड्यांनी चालते आणि डिलीट डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षराने. नवशिक्यांनी सगळा शब्द खोडून पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे वापरावे, बराच वेळ वाचतो.

आता जुन्या फॉन्टांकडे वळतो, कारण नाशिकच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही छपाईच्या दुकानात त्यांची गाठ पडतेच. युनिकोड सर्रास होण्याआधी मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे होते. उदाहरणार्थ कृतिदेव फॉन्टमध्ये ‘नाशिक’ उमटवायला यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, डी एवढ्या कळा लागतात. नीट पाहा: वेलांटी (एफ) इथे ‘श’च्या आधी आली आहे, आणि ‘श’ दोन तुकड्यांत आला आहे, अर्धा ‘श’ आणि त्याचा उभा दंड. तो दंड म्हणजे ‘ना’मधला काना, तीच के कळ! दिसायला काम चोख. पण फाइलमध्ये मराठी नावाचे काहीच नसते, असतात ती इंग्रजी अक्षरे. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळतो आणि खालचे इंग्रजी उघडे पडते. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. म्हणून गिऱ्हाइकाने जुनी फाइल आणली तर पहिला प्रश्न ‘फॉन्ट कोणता?’ हाच विचारायचा. फॉन्टचे नाव कळले तर त्याचा कन्व्हर्टर शोधता येतो. नाव नसेल तर पुन्हा टाइप करणेच पुष्कळदा स्वस्त पडते.

पायरी ४: हे आकडे ठरवले कुणी?

थोडक्यात सांगतो. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे आधी इस्की नावाची संकेतपद्धती होती. तिची १९८८ ची आवृत्ती युनिकोडने आधाराला घेतली आणि १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. त्याच वर्षी इस्कीही आय. एस. १३१९४ या क्रमांकाने भारतीय मानक झाली.

इस्कीत सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवलेल्या होत्या, आणि ती शिस्त युनिकोडमध्ये उतरली. तिची गंमत पाहायची असेल तर ‘युनिकॅर’ला २३२५ अधिक ३८४, म्हणजे २७०९ द्या. गुजराती ‘क’ येईल. सुरगाण्याकडून सापुताऱ्याला जाताना पाट्यांवरची शिरोरेघ गळते तोच हा क. २३२५ मध्ये १२८ मिळवा, बंगाली ‘क’. ८९६ मिळवा, कन्नड. आपल्या शेजारच्या लिप्या १२८-१२८ जागांच्या चाळीसारख्या ओळीने बांधल्या आहेत आणि प्रत्येक चाळीत ‘क’ची खोली त्याच नंबरची.

मोडीला मात्र या आळीत जागा मिळाली नाही. ती २०१४ मध्ये, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत, बरीच लांब पुढे वसवली गेली. रुपयाचे नवे चिन्हही (₹) देवनागरीच्या चाळीत राहत नाही. ते जगभरच्या चलनांच्या वस्तीत ८३७७ क्रमांकाला आहे, २०१० पासून. नोटा छापायला आपले नाशिक रोड, पण चिन्हाचा पत्ता डॉलर-पौंडांच्या गावी नसला तरी युरोच्या शेजारी.

पायरी ५: आकड्याचे बाइट

क्रमांक ठरला, पण फाइलमध्ये तो लिहायचा कसा? संगणकाची पिशवी म्हणजे बाइट. त्यात ० ते २५५ एवढेच मावते. २३२५ एका पिशवीत बसणार नाही. आज वेबवर सर्रास चालणारी पद्धत यूटीएफ-८. तिचा हिशेब कागदावर करून पाहा, पाच मिनिटांचे काम आहे.

२३२५ म्हणजे २०४८ + २५६ + १६ + ४ + १. फक्त ० आणि १ वापरून लिहिले तर: १००१०००१०१०१. डावीकडे शून्ये लावून सोळा अंक करा आणि ४, ६, ६ असे तोडा: ००००, १००१००, ०१०१०१. पहिल्या तुकड्यापुढे १११० लावा, दुसऱ्या-तिसऱ्यापुढे १०. झाले तीन बाइट: १११०००००, १०१००१००, १००१०१०१. आपल्या नेहमीच्या अंकांत २२४, १६४, १४९. पहिल्या बाइटमधल्या सुरुवातीच्या तीन एकांचा अर्थ ‘हे अक्षर तीन बाइटांचे आहे’. पुढच्या बाइटांवरचे १० म्हणते ‘मी मधला डबा आहे, इंजिन नाही’.

देवनागरीतले प्रत्येक चिन्ह असे तीन बाइट खाते. मग ‘त्र्यंबकेश्वर’चे झाले १३ गुणिले ३, म्हणजे ३९ बाइट. योगायोग असा की रोमन लिपीत हे नाव सरकारी पाट्यांवरच्या ‘ट्रिंबकेश्वर’ या स्पेलिंगने लिहिले तर तिथेही तेराच अक्षरे भरतात, पण बाइटही तेराच. तिप्पट जागा जाते म्हणून कोणी हळहळते, पण आजच्या डिस्कवर ही हळहळ फुकट आहे. जिथे खरोखर खिशाला लागते ती जागा वेगळी, एसएमएस.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधे इंग्रजी त्यात सात-सात बिटांनी (० किंवा १ असा एक अंक म्हणजे बिट, बाइटमध्ये असे आठ) दाबून भरतात म्हणून १६० अक्षरे बसतात. मराठी आले की प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात आणि मर्यादा ७० वर येते. (इथे यूटीएफ-८ नाही, दुसरी पद्धत चालते, म्हणून तीनऐवजी दोन.) हे सत्तर म्हणजे डोळ्यांना दिसणारी अक्षरे नव्हेत, आपले ‘लेन’ने मोजलेले तुकडे. काना, मात्रा, मोकळी जागा सगळे धरून. शंभर तुकड्यांचा निरोप दोन मेसेजचे पैसे घेतो. आणि बाकी मजकूर शुद्ध इंग्रजी असला, पण त्यात एक मराठी अक्षर किंवा ते ₹ चिन्ह पडले, की अख्खा मेसेज सत्तरच्या मर्यादेत जातो. द्राक्षांच्या हंगामात औषध-खतांच्या दुकानांतून हजारो शेतकऱ्यांना भावाचे मेसेज जातात. तिथे ₹ काढून इंग्रजीत ‘आरएस’ लिहिले तर बिल खाली येते, एवढे मी गिऱ्हाइकाला फुकट सांगतो.

पायरी ६: खास मराठी खड्डे

हिंदीवाल्यांसाठी लिहिलेल्या माहितीत हे मिळणार नाही, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

पहिला खड्डा ‘ॲ’चा. एका संघटनेची सभासद-यादी आमच्याकडे छपाईला आली होती. वकिलांची नावे वेगळी काढायची म्हणून ‘ॲड.’ शोधले तर निम्मीच सापडली. डोळ्यांना सगळीकडे ‘ॲड.’च दिसत होते. चिरफाड केल्यावर कळले, काही ठिकाणी ‘ॲ’ हे एकच चिन्ह होते, क्रमांक २४१८, आणि काही ठिकाणी ‘अ’ (२३०९) अधिक चंद्र (२३७३) अशी जोडी. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसे. टाइप करणाऱ्यांचीही चूक म्हणता येत नाही, कारण ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला तोच २००८ मध्ये. त्याआधी जोडीने काम भागवण्यावाचून इलाज नव्हता.

‘ऑ’चेही तेच: खरा २३२१, आणि ‘आ’वर चंद्र चढवून केलेला तोतया. जुन्या फॉन्टांतून रूपांतर केलेल्या मजकुरात तर ‘आ’सुद्धा ‘अ’ आणि काना असा सुटा असतो, ‘ो’सुद्धा काना आणि मात्रा असा दोन तुकड्यांत. पडद्यावर कधी धकून जाते, कधी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. दुरुस्ती साध्या एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेसने करावी, पण क्रम पाळा. आधी ‘अ + काना’चा ‘आ’ करा. मग ‘आ + चंद्र’चा ‘ऑ’, ‘आ + मात्रा’चा ‘ओ’. त्यानंतर सुटे ‘काना + मात्रा’ आणि ‘काना + चंद्र’ जोडा. ‘अ + चंद्र’चा ‘ॲ’ शेवटी केला तरी चालेल. उलट क्रमाने गेलात तर अर्धवट जोडलेले तुकडे राहतात आणि पुन्हा पहिल्यापासून सगळे करावे लागते. हे अनुभवाने सांगतोय.

दुसरा खड्डा आचार्य आणि आचारी यांचा. ‘आचार्यांना दक्षिणा’ आणि ‘आचाऱ्यांना मजुरी’ यांत रफार आणि अर्धचंद्री र एवढाच फरक, पण हिशेबाच्या वहीत तो पुरतो. अर्धचंद्री र साठी ‘ऱ’ वापरायचा, क्रमांक २३५३, इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे. ऱ, पाय मोडा, य. हेच रूप साधा र, पाय मोडा आणि नंतर ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह घालूनही मिळते. दिसते सारखेच, शोधात मात्र सापडत नाही. एका दुकानात सगळ्यांनी एकच पद्धत पाळावी. माझे मत ‘ऱ’च्या बाजूने, कारण तो दिसतो तरी.

न दिसणाऱ्या चिन्हांची ही जोडगोळी ओळखून असा. ८२०५ जोडते, ८२०४ तोडते. ‘वाक्प्रचार’ऐवजी ‘वाक्‌प्रचार’ असा क उघड पाय मोडून दाखवायचा असेल तर मध्ये ८२०४ घालतात. उपयोगी आहेत, पण कॉपी-पेस्टमधून नको तिथेही येतात. लेन एकाने-दोनाने जास्त भरली तर संशयित हेच.

तिसरा खड्डा क्रमवारीचा. आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर ळ, क्ष, ज्ञ. क्रमांकांत मात्र ळ (२३५५) ‘ल’ला लागूनच बसला आहे. ‘क्ष’ला क्रमांकच नाही म्हणून तो ‘क’मध्ये जातो, आणि पाय मोड्याचा क्रमांक सगळ्या काना-मात्रांच्या वर असल्यामुळे ‘क’च्या अगदी शेवटी. नुसत्या क्रमांकांनी लावलेल्या यादीत क्षीरसागर हे कोठावदेंच्या नंतर आणि खैरनारांच्या आधी येतात. यादी मराठी क्रमाने हवी असेल तर सॉफ्टवेअरला भाषा ‘मराठी’ आहे असे सांगावे लागते. तेही शेवटी एकदा डोळ्यांखालून घाला.

‘ल’ आणि ‘श’च्या वळणांचा प्रश्न गिऱ्हाईक हमखास काढते: ‘हा हिंदी ल का आला?’ पाकळीचा ल आणि दंडाचा ल यांचा क्रमांक एकच, २३५४. तुमच्या फाइलमध्ये काही चुकलेले नसते. मराठी वळणे कोणती, हे राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात दिलेले आहे, पण ती उमटवणे फॉन्टच्या हातात. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी लावली की रूप बदलते. नसतील तर फॉन्ट बदला.

आणि ‘दुःख’, ‘स्वतः’, ‘अंतःकरण’ यांत विसर्गाच्या जागी इंग्रजी विरामचिन्हांतले कोलन टाकू नका. विसर्ग २३०७, कोलन ५८. ओळ संपताना ‘दु:’ एका ओळीत आणि ‘ख’ दुसऱ्या ओळीत पडतो तेव्हा मग गिऱ्हाइकालाही दिसते.

पायरी ७: मजकूर फुटला, आता काय?

फुटलेल्या मजकुराचा चेहरा आधी नीट पाहा. चौकोनी डबे दिसत असतील तर आकडे शाबूत आहेत, फक्त त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. फॉन्ट टाका, काम झाले.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्यापाठोपाठ चार शेपट्यांचे गोल चिन्ह किंवा जपानी येनचे चिन्ह, असा जोडीजोडीने कचरा दिसत असेल तर आनंद माना. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, दुसरा १६४ किंवा १६५. जुन्या पाश्चात्त्य तक्त्यात या तिघांची चित्रे म्हणजे तोच ए, तेच गोल आणि तेच येन. म्हणजे मजकूर अस्सल यूटीएफ-८ मराठी आहे, वाचणाऱ्याने चुकीचा चष्मा लावला आहे. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साध्या मजकुराची यादी) एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की असे होऊ शकते. ती बंद करा, सेव्ह करू नका. कोरी शीट घेऊन डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट, सीएसव्ही’ने फाइल आत घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा.

ओळीने नुसती प्रश्नचिन्हे असतील तर मात्र मजकूर गेला. कोणीतरी मराठी न मावणाऱ्या पद्धतीत फाइल साठवली आणि संगणकाने प्रत्येक चिन्हाच्या जागी खरोखरचे प्रश्नचिन्ह लिहून टाकले. मूळ प्रत मागवा.

चौथा चेहरा पीडीएफचा. तिथून मराठी कॉपी केली की वेलांट्या आणि रफार पुष्कळदा जागा सोडतात, कारण पीडीएफ मुळात दिसण्यासाठी बनवलेली, त्यात फॉन्टने मांडलेली चित्रे दिसण्याच्या क्रमाने असतात. दोन ओळी हाताने दुरुस्त करता येतात. वीस पानांसाठी ज्याने फाइल बनवली त्याला फोन करा.

घरी करायला हे शब्द घ्या. आधी डोळ्यांनी मोजा, मग इन्स्क्रिप्टच्या कळांनी, मग ‘लेन’ने: पंचवटी, सिन्नर, अंजनेरी, कुशावर्त, ब्रह्मगिरी, द्राक्षे. ‘लेन’ची उत्तरे अनुक्रमे ६, ६, ७, ८, १०, ८. ‘द्राक्षे’ डोळ्यांना दोनच अक्षरांचा दिसतो, त्याचे आठ कसे झाले ते पाटीवर लिहून दाखवा, मग दुसऱ्या दिवशी पत्रिकेचे काम हातात देतो.